कोमट फोन

बॅटरी टिकत नाही म्हणून ताई आल्या होत्या. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, असे फोन रोजच येतात. पण या फोनची बॅटरी फुगलेली नव्हती, आणि नुसता ठेवलेला फोन कोमट लागत होता.

अशा वेळी स्क्रू नंतर, आधी सेटिंग्ज. घातक ॲप पकडणारं गूगलचं प्ले प्रोटेक्ट बंद. बाहेरून ॲप टाकायची परवानगी चालू. ॲक्सेसिबिलिटीत, म्हणजे स्क्रीनवरचं वाचू देणाऱ्या परवानगीत, ‘सिस्टीम सर्व्हिस’ नावाचं ॲप, पण मेनूत त्याचा आयकॉनच नाही. डिव्हाइस ॲडमिनमध्येही तेच, म्हणजे साधं अनइन्स्टॉल होणार नाही. लोकेशन, माइक, नोटिफिकेशन सगळं त्याच्या ताब्यात. असलं ॲप आपोआप येत नाही. लॉक उघडून कुणीतरी फोन घेऊन बसावं लागतं.

माइक चालू असेल म्हणून फोन आत ठेवला आणि बाहेर पायरीवर येऊन विचारलं, “फोन आणखी कुणाच्या हातात असतो?”

“बहिणीला काय लिहिलं ते ह्यांना संध्याकाळी ठाऊक असतंय. मला वाटायचं, तीच सांगती. म्हणून तिच्याशी बोलणंच सोडलं.” मग म्हणाल्या, “काढून टाका, भाऊ.”

दोन मिनिटांचं काम. पण ॲप काढलं की पुरावा गेला, आणि घरी लगेच कळणार.

ओळखीच्या वकीलबाईंना माझ्या फोनवरून विचारलं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, त्या म्हणाल्या. बाईच्या इंटरनेटवर, मेसेजवर पाळत ठेवणं गुन्हा, पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद. नवऱ्याला सूट लिहिलेली नाही. पण जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्यानं बायकोच्या बोलण्याचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुराव्यात घेऊ दिलंय, तेव्हा जपून. २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, त्याच न्यायालयाचा हा निकाल. मला तो पटलेला नाही.

“बायकोचं लोकेशन दिसेल असं काहीतरी टाकून द्या” म्हणणारे माझ्याकडेही येतात. मी परत पाठवतो. पैसे घेऊन टाकून देणारे आमच्याच धंद्यात आहेत, त्याची लाज वाटते.

दुसऱ्या मोबाईलनं प्रत्येक स्क्रीनचे फोटो काढले. ताई म्हणाल्या, “पावतीवर बॅटरीच लिहा.” लिहिलं. ॲप तसंच चालू ठेवून फोन त्यांच्या हातात दिला.

बहीण येऊन फोटो घेऊन जाईल असं ठरलं होतं. आठवडा झाला, कुणी आलेलं नाही. पावतीपुस्तकात ताईंचा नंबर आहे, पण फोन केला तर तो त्याच मोबाईलवर वाजणार.