बंबाची चौथी नोंद: पेटवल्यावरच ठिबकणारं पाणी

आत्याचा पुण्यात नारायण पेठेतला वाडा पाडायला निघाला तेव्हा माळ्यावरून हा आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब खाली उतरवला. मधून आरपार धुराडं, त्यात खाली जाळीवर विस्तव, आणि धुराड्याभोवती पाणी. उंची दोन फूट, लिटरच्या मापाने ओतून मोजलं तर पाणी मावतं २२ लिटर. रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन ९ किलो ४०० ग्रॅम भरलं. रद्दीवाल्याने तिथल्या तिथे मोडीचा भावही सांगितला, पण मला तो वापरात आणायचा होता. शोभेला दारात ठेवून त्यात मनीप्लँट लावायचा नव्हता.

पहिलं कोडं कसं सुटलं ते आधी लिहिते, कारण पुढचं त्यावरच उभं आहे. माझ्या बंबाला तोटी नाही. डोक्यावर एका बाजूला नरसाळ्यासारखं तोंड आणि दुसऱ्या बाजूला खाली वळलेली उघडी नळी, एवढंच. तोटी हरवली असं समजून मी बोहरी आळीत चार दुकानं फिरले. एका दुकानदाराने मापाची पितळी तोटी काढूनही ठेवली. ती आणायला निघाले तेव्हा आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांनी बंब जिन्यात पाहिला आणि म्हणाले, "ताई, ह्याला तोटी नस्ती. इकडनं गार वता, तिकडनं गरम येतंय बघा." काका कोल्हापूरकडचे.

घरी येऊन नरसाळ्यात लांब काडी घातली तर ती थेट तळाला टेकली. म्हणजे गार पाणी तळाशी जातं, गरम पाणी हलकं म्हणून वर तरंगत असतं, आणि जेवढं गार ओतावं तेवढंच गरम बाहेर पडतं. ती वरची नळी उघडी आहे म्हणूनच आत वाफेचा दाब धरत नाही. तिथे तोटी बसवून बंद केली असती तर वाफेने पाणी दाबलं जाऊन उकळतं पाणी नरसाळ्यातून वर उसळलं असतं, तेही नेमकं गार पाणी ओतणाऱ्याच्या तोंडासमोर. असा बंब ज्यांच्याकडे आहे त्यांना कळकळीने सांगते, ती नळी कधीही बुजवू नका.

आतला क्षार काढायला लिंबाचं फूल (सायट्रिक ॲसिड) वापरलं. पाव किलो एका वेळी, कोमट पाण्यात, दोन रात्री. दुसऱ्या सकाळी बंब आडवा करून हलवला तेव्हा अंड्याच्या कवचासारख्या पांढऱ्या चकत्या बाहेर आल्या. वजन ८ किलो ९५० वर आलं. आत्या म्हणते वाड्यात शेवटची काही वर्षं बोअरचंच पाणी होतं, तेव्हा नवल नाही.

रविवार, ७ डिसेंबर

गच्चीवर पहिल्यांदा पेटवला. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे धुराची तक्रार आली नाही. भवानी पेठेतल्या एका वखारीतून बंबफोड, म्हणजे बंबासाठी फोडलेली बारीक लाकडं, आणली होती. (सुताराकडचे प्लायचे तुकडे फुकट मिळत होते, पण त्यातला डिंक जळतो त्याचा धूर मला नको होता.) करवंटीवर ठिणगी धरली, धुराड्यातून वरून बंबफोड सोडली, आणि पाच मिनिटांत जाळीखाली टप टप सुरू झालं. राखेत थेंब पडत होते, निखाऱ्यावर पडलेला चुरचुरत होता. पोटात गोळा आला. आणखी दहा मिनिटांनी ठिबकणं थांबलं. आंघोळीपुरतं पाणी छान तापलं. विझवून गार झाल्यावर परत बंब भरला, रात्रभर वर्तमानपत्रावर उभा ठेवला. सकाळी कागद कोरडा ठणठणीत.

८ ते १६ डिसेंबर

या दिवसांत मी ज्याला त्याला एकच विचारत होते: "बंब गळतोय, काय करू?" आणि प्रत्येक जण गळती बुजवायचा उपाय सांगत होता. बोहरी आळीत इपॉक्सीची लांबी (पुट्टी) सुचवली. बुधवारच्या जुन्या बाजारात नळांची चक्रं विकणाऱ्या एका प्लंबरदादांनी जास्त विचार करून सांगितलं की तांबं तापलं की फुगतं, सांधा उघडतो, म्हणून पाणी येतं. हे मला पटलं होतं. पण मग पाणी अजून तापल्यावर ठिबकणं वाढायला हवं, ते थांबत का होतं? उलट म्हणावं, गार असताना सांधा उघडा आणि तापल्यावर मिटतो, तर रात्रभर कागद कोरडा कसा?

शेवटी बंब रिक्षात घालून कसब्यात तांबट आळीत नेला. मठाराचे ठोके कोपऱ्यापासूनच ऐकू येतात, शोधावं लागत नाही. तिथल्या एका वयस्कर कारागिराने हातातलं घंगाळ बाजूला ठेवलं, बंब मांडीवर आडवा घेतला आणि बोटाच्या पेराने तळापासून वरपर्यंत वाजवत गेले. मध्ये दोनदा थांबून परत तिथेच वाजवलं. मग म्हणाले, "सांधा चांगला आहे. तुम्ही म्हणता म्हणून मी डाख देईन, पैसे घेईन, आणि तुम्ही परत याल." डाख म्हणजे वितळवलेल्या धातूने सांधा भरणं. त्यांनी पांढरा खडू दिला. तळाचा सगळा सांधा बाहेरून खडूने माखायचा, बंब भरायचा, जिथे पाझर असेल तिथे खडू काळपट ओला दिसतो. तिथेच भरून पाहिला. कुठेच ओल नाही.

निघताना मी विचारलं, "काका, आगीत हा डाख वितळत नाही?" ते म्हणाले, पाणी आहे तोवर नाही. शिसं-कथलाचा डाख २०० अंशांच्या आसपास वितळतो, आणि पलीकडे पाणी असेल तर तांबं तेवढं तापतच नाही. बंब रिकामा पेटवला की मात्र पाच मिनिटांत सांधा सुटतो. जुन्या घरांत "आधी पाणी, मग काडी" असं का बजावत ते मला त्या दिवशी समजलं. एवढ्या वेळाचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

बुधवार, १७ डिसेंबर

उत्तर पिठाच्या गिरणीत मिळालं. रांगेत पुढे एक आजी होत्या, भाजणीचा डबा घेऊन. गिरणीवाल्याला मी बंबाचं सांगत होते, त्यांनी मागे वळून विचारलं, "कधी ठिबकतो?"

मी सांगितलं: पेटवल्यावर लगेच, दहा मिनिटं, मग थांबतो.

"थेंब कसे आहेत? पांढरे का चहासारखे?"

हे मी पाहिलंच नव्हतं. राखेत पडणाऱ्या थेंबाचा रंग कोण बघतो? पण जाळीखालची राख तपकिरी चिखलासारखी झाली होती, ते आठवलं.

"अगं मग गळत नाही तो. त्याला घाम येतो. आमच्याकडे थंडीत रोज यायचा. खाली जुनी ताटली ठेवायचो, राख भिजू नये म्हणून."

मी विचारलं, "आजी, घाम बाहेरून यायला हवा ना?" त्या म्हणाल्या, "धुराला येतो तो. गार पाण्याच्या पेल्याला येतो तसा." त्यांचा डबा दळून झाला आणि त्या गेल्या. नावही विचारलं नाही.

रविवार, २१ डिसेंबर

पडताळा घेतला. बंबाच्या पाण्यात कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाकले. पाणी फुटलं असेल तर खालचा थेंबही निळा हवा. जाळीखाली स्टीलची पांढरी दिसणारी ताटली ठेवली आणि पेटवला.

पहिला थेंब पावणेचार मिनिटांनी पडला. मी गच्चीवर पोटावर आडवी होऊन बघत होते. धुराड्याच्या आतल्या कडेला आधी बारीक दव जमतं, ते एकमेकांत मिसळतं, वरून काजळी घेऊन ओघळतं, खालच्या कडेशी थांबून जाड होतं आणि मग सुटतं. रंग कोऱ्या चहाचा, वास धुराचा. वरच्या नळीतून काढलेलं पाणी मात्र स्वच्छ फिकट निळं. एकूण अर्धी वाटी भरली, त्यात निळ्याचा मागमूस नाही.

कारण असं. लाकूड जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. पूर्ण वाळलेल्या एक किलो लाकडातूनसुद्धा जवळपास अर्धा लिटर पाणी वाफ होऊन धुरात जातं, ओलं लाकूड असेल तर अजून जास्त. धुराड्याच्या भिंतीपलीकडे २० अंशांचं गार पाणी असतं, त्यामुळे धुरातली वाफ त्या गार तांब्यावर निवते. पाणी तापलं की भिंत तापते आणि दव धरायचं थांबतं. माझ्या थर्मामीटरवर ठिबकणं थांबलं तेव्हा वरच्या नळीतलं पाणी ४८ अंश होतं. मग मुद्दाम एक बादली गार पाणी ओतलं. दोन मिनिटांत परत टप टप. तेव्हा मला एवढा आनंद झाला की खाली जाऊन आईला वर बोलावून आणलं. ती म्हणाली, ठीक आहे, आता पाणी वाया घालवू नकोस. त्याच पाण्याने मी गच्ची धुतली.

आजींच्या ताटलीखेरीज दोन गोष्टी उपयोगी पडल्या. बंबफोड दोन दिवस उन्हात वाळवून घेतली. आणि रात्रीचं उरलेलं कोमट पाणी न काढता सकाळी तसंच पेटवलं, तेव्हा ठिबकणं जेमतेम तीन मिनिटं टिकलं. २२ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला किलोभर बंबफोड आणि पंचवीस मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी तांबट आळीत जाऊन काकांना निळीचं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, आता गिऱ्हाइकांना खडूबरोबर निळीचंही सांगेन.

अजून राहिलेलं

बिडाची जाळी. मधल्या दोन दांड्या तुटल्यात, त्यामुळे करवंटी जळायच्या आधीच खाली पडते. या वेळी नीट मोजून विचारते. व्यास साडेसहा इंच, जाडी अर्धा इंच, काठाला तीन खाचा समान अंतरावर, धुराड्याच्या आतल्या तीन कानांवर बसते, खालून तिरपी घालून फिरवावी लागते. साध्या शेगडीची जाळी लावून पाहिली, ती खाचांशिवाय कानांवरून वर चढतच नाही. सहा इंची घेतली तर सगळा निखारा एका बाजूने ओघळतो. तुमच्या बंबाला अशी खाचांची जाळी असेल तर ती कुठे मिळाली किंवा कुणाकडून ओतून घेतली, ते सांगा.