पळतो तर पळू दे

रात्री झोप येत नसली की मी जुन्या मॅचेसचे हायलाइट्स बघतो, आणि त्यात आर्सेनलचा विंगर थिओ वॉलकॉटची ॲनफिल्डवरची (लिव्हरपूलचं मैदान) ती रन आली की शेवट माहीत असूनही पूर्ण बघतो. एप्रिल 2008, चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल, आर्सेनल 2-1 नी मागे, मॅच संपत आलेली, आणि हा एकोणीस वर्षांचा पोरगा आपल्याच हाफमधून बॉल घेऊन सुटला तो लिव्हरपूलवाल्यांना एकेक करून मागे टाकत थेट बॉक्समध्ये, तिथून अडेबायोरला पास, गोल! 2-2, म्हणजे पहिली मॅच धरून बरोबरी, आणि अवे गोलच्या हिशोबात (बरोबरी झाली तर दुसऱ्याच्या मैदानावर जास्त गोल मारणारा पुढे, हा तेव्हाचा नियम) आर्सेनल सेमीत. पण लगेच लिव्हरपूलला पेनल्टी, जेरार्डने मारली, मग बाबेलने एक, 4-2, खेळ खल्लास. आणि वॉलकॉटचं नाव गोल करणाऱ्यांच्या यादीतही नाही.

विंगरचं, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणाऱ्याचं, हे असंच असतं राव. लाइनला चिकटून नव्वद मिनिटं पळायचं, क्रॉस लागला तर फोटो स्ट्रायकरचा, चुकला तर अख्खं स्टेडियम याच्या नावाने कडाकडा बोटं मोडणार.

त्यात याचं सगळंच उलटं. 2006 च्या जानेवारीत साउथॅम्प्टनहून आर्सेनलला आला, प्रीमियर लीगमध्ये एक मिनिटही खेळला नव्हता तरी इंग्लंडचा कोच एरिक्सनने सतराव्या वर्षी वर्ल्ड कपला नेला, आणि जर्मनीत नेऊन बसवून ठेवला. मग नेला कशाला? सप्टेंबर 2008 ला झाग्रेबमध्ये क्रोएशियाविरुद्ध हॅटट्रिक मारली, आता याला कोण बाहेर ठेवणार असं वाटलं, तर 2010 च्या वर्ल्ड कपला तेव्हाचा कोच कॅपेलोने ठेवलाच. 2014 च्या वर्ल्ड कपआधी गुडघा गेला, तोही आर्सेनलच्या कट्टर वैऱ्यांविरुद्ध, टॉटेनहॅमविरुद्ध, आणि स्ट्रेचरवरून जाताना त्यांच्या फॅन्सना बोटांनी 2-0 स्कोअर दाखवत गेला (हे मला जाम आवडलेलं). म्हणजे इंग्लंडकडून 47 मॅचेस, आणि वर्ल्ड कपमध्ये शून्य मिनिटं.

लोक म्हणतात नुसता पळायचा, डोकं नव्हतं. अरे, आर्सेनलसाठी 108 गोल नुसतं पळून होतात का? त्याला स्वतःला मधे, स्ट्रायकर म्हणून खेळायचं होतं, आर्सेनलचा मोठा स्ट्रायकर हेन्री याचा 14 नंबरही घातला होता, आणि 2015 च्या एफए कप फायनलला मधे खेळवलं तर पहिला गोल यानेच मारला. हेन्री झाला नाही हे खरं, पण किती जण झाले?

नंतर एव्हर्टन, मग परत साउथॅम्प्टन. एप्रिल 2023 मध्ये आर्सेनल टेबलात टॉपला, साउथॅम्प्टन तळाला, आणि आर्सेनलच्याच मैदानावर, एमिरेट्सवर, चौदाव्या मिनिटाला साउथॅम्प्टनसाठी 2-0 करणारा कोण, तर चौतीस वर्षांचा वॉलकॉट. मॅच 3-3 सुटली, पुढे टायटल मँचेस्टर सिटीने नेलं, साउथॅम्प्टन रेलिगेट झाली (खालच्या लीगमध्ये गेली) आणि याने ऑगस्टमध्ये रिटायरमेंट घेतली. त्या 3-3 च्या रात्री आमच्या आर्सेनलवाल्यांच्या ग्रुपवर सगळे दुसऱ्या कुठल्याही प्लेअरला दिल्या असत्या त्या शिव्या टाइप करत होते, पण वॉलकॉटचं नाव घेऊन एकानेही दिली नाही.