अठराव्या वर्षी पहिली गाडी: गिअरची की ऑटोमॅटिक?

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, पक्की परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते. एवढा वेळ हाताशी असताना मुलांना आधी गिअरचीच गाडी शिकवा.

पहिले दोन दिवस मोकळ्या मैदानात, रेस न देता, फक्त क्लच हळूहळू सोडायला लावा. गाडी थरथरून सरकू लागली की पाय तिथेच थांबवायचा. ही जागा पायाला कळली नाही, तर चढावर गाडी बंद पडते किंवा मागे घरंगळते. तिथे हँडब्रेक ओढून क्लच त्या जागी आणायचा, थोडी रेस द्यायची, मगच हँडब्रेक सोडायचा. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवली, तर क्लचची प्लेट जळते.

ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय मोकळा असतो आणि क्लच समजून ब्रेकवर आदळतो. तो मागेच ठेवायला लावा.