बिल नाही, लायसन्स आहे: कॉलेजात ओपन सोर्सचा गट उभा करताना

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात ओपन सोर्सवर, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर, काम करणारा गट आता नीट चालू आहे. मुलं जमवायला फारसे कष्ट पडले नाहीत. अडलं ते लॅबपाशी, म्हणून आधी तेच लिहितो.

आमच्यातल्या बऱ्याच जणांकडे स्वतःचा लॅपटॉप नव्हता, आणि शनिवारी दुपारी कॉलेजची लॅब कुलूप लावून पडलेली असायची. ती आम्हाला वापरू द्यावी आणि मागच्या रांगेतल्या मशीनवर उबुंटू ही लिनक्सवरची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकू द्यावी, एवढीच मागणी होती. अर्ज लिहिला, एचओडी सरांनी सही केली, आवक क्रमांक पडला. त्यानंतर अर्ज ऑफिसातल्या एका टेबलावर जाऊन बसला तो बसलाच.

त्या टेबलावरच्या क्लार्कचा, म्हणजे भाऊसाहेबांचा, प्रश्न एकच: "बिल कुठंय?" लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरची रजिस्टरला नोंद होते. पुरवठादार, बिल क्रमांक, लायसन्स, रक्कम असे रकाने आहेत आणि एकही कोरा ठेवायचा नाही. मी म्हटलं, "विकतच घेतलेलं नाही, तर बिल कुठून आणू?" त्यावर उत्तर आलं, "मग चोरीचं आहे काय?" माझं डोकंच तापलं. उघडपणे वापरायला, वाटायला, बदलायला दिलेलं सॉफ्टवेअर, आणि त्यालाच चोरीचं म्हणायचं!

मग फेऱ्या सुरू झाल्या. साहेब मीटिंगला गेलेत. तपासणीची कमिटी यायची आहे. गड्ड्याची यात्रा झाली की बघू. यात्रा झाली, तर परीक्षेचे फॉर्म निघाले. इकडे अक्कलकोट, मोहोळहून येणारी मुलं शनिवारची एसटी सोडून आमच्यासाठी थांबायची आणि कट्ट्यावर दोन लॅपटॉपभोवती कोंडाळं करून बसायची. त्यातली काही गळालीही, आणि त्याचा राग मला अजून आहे. शिकायला आलेली मुलं रजिस्टरच्या एका रकान्यापायी परत गेली.

अडलेलं काम सुटलं ते मित्राच्या बोलण्यामुळे. तो म्हणाला, "बिल नाही बे, पण लायसन्स आहे की!" खरंच होतं ते. उबुंटूच्या मुळाशी असलेलं लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, जीपीएल या खुल्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतं. हा 1991 चा परवाना, आणि त्याचा मजकूर जसाच्या तसा कुणीही छापू शकतो. आम्ही तो छापला, प्रोग्राम चालवण्यावर बंधन नाही आणि प्रती वाटता येतात या दोन ठिकाणी लाल पेनाने रेघ मारली, आणि वर एका पानावर मराठीत सार लिहिलं. केंद्र सरकारचं 2015 चं ओपन सोर्स धोरणही जोडलं. ते सरकारी कार्यालयांसाठी आहे, कॉलेजला बंधनकारक नाही, पण सरकारचा कागद दिसला की फाइलला वजन येतं. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प शिक्षणात हेच सॉफ्टवेअर आणायचं काम करतो, त्याचीही माहिती लावली.

प्राचार्यांनी रेघ मारलेल्या ओळी वाचल्या आणि तिथंच शेरा मारला, 'परवानगी द्यावी'. रजिस्टरला नोंद झाली ती अशी: पुरवठादार, इंटरनेटवरून. लायसन्स, जीपीएल, प्रत सोबत. रक्कम, निरंक. तो 'निरंक' बघून मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलाय.

एक राहिलंच. ऑफिसात जायच्या आधी लॅब असिस्टंटना भेटा. त्यांना धास्ती असते ती प्रॅक्टिकलच्या तोंडावर मशीन बिघडण्याची. पेनड्राइव्हवरून उबुंटू चालू करून दाखवा, हार्ड डिस्कला हात न लावता. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं तर बायोसचं, म्हणजे मशीन चालू होतानाचं, सेटिंग लागतं आणि त्याचा पासवर्ड त्यांच्याकडेच असतो, त्यामुळे ते राजी नसतील तर प्राचार्यांच्या सहीचाही उपयोग नाही. मशीन जुनी असतील तर झुबुंटू ही उबुंटूचीच हलकी आवृत्ती टाका, कमी रॅमवर बरं चालतं.

मुलं टिकवायची तर पहिल्याच दिवशी हातात काम द्या. गिटवर, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनावर, भाषण नको. आम्ही पॉन्टूनवर, म्हणजे मोझिलाच्या भाषांतराच्या वेबसाइटवर, फायरफॉक्स ब्राउझरच्या मराठी भाषांतरापासून सुरुवात केली. आपल्या शहरात घरात तेलुगू, कन्नड बोलणारे भरपूर, पण मराठी शाळेत शिकल्यामुळे त्या भाषांच्या लिपी लिहिता येणारे थोडे, म्हणून त्या भाषा पुढे ठेवल्या. पूर्व भागातल्या एका मुलीने आता तेलुगू लिपी गिरवायला घेतली आहे, त्याचं मला फार कौतुक वाटतं.

टी-शर्टच्या लोभाने कुणाच्याही प्रकल्पात उगाच एखादी ओळ बदलून पाठवू देऊ नका. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या उपक्रमात ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांना टी-शर्ट मिळायचा; 2020 मध्ये तिथं अशा बदलांचा इतका पूर आला की प्रकल्प चालवणारे वैतागले आणि आयोजकांना नियम बदलावे लागले. कॉलेजचं नाव खराब व्हायला वेळ लागत नाही.

आणि अर्जात एकच तारीख घालू नका. 'सत्र संपेपर्यंत दर शनिवारी, दुपारी 2 ते 5' असं लिहा, खाली जबाबदार शिक्षकांची सही घ्या आणि आवक क्रमांक टाकलेली झेरॉक्स आपल्याजवळ ठेवा. कुलूप उघडायला येणारा शिपाई दर वेळी तीच मागतो.