सावली की अमावास्या?

मॅग्नेटोमीटरच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राच्या खोलीत शिरताना पट्टा, किल्ल्या, घड्याळ, मोबाइल सगळं बाहेर काढून ठेवायचं. आतले खिळेसुद्धा पितळेचे. नव्या माणसाला हे सोवळं वाटतं. पण पृथ्वीच्या क्षेत्राच्या चाळीस हजार नॅनोटेस्लांतला (हे त्या क्षेत्राच्या मोजमापाचं एकक) पन्नास-शंभरांचा चढउतार आम्हाला पकडायचा असतो.

15 जानेवारी 2010, पौष अमावास्या. मी तेव्हा तिरुनेलवेलीत होतो. आदल्या दिवशी पोंगल झालेला, आज गुरांचा सण, रस्त्यात शिंगं रंगवलेले बैल. दुपारी सव्वाच्या सुमारास कंकणाकृती ग्रहण. मी मात्र सकाळपासून पडद्यावरच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेघेला चिकटून होतो.

तिरुनेलवेलीजवळून जाणाऱ्या चुंबकीय विषुववृत्तावर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर असतं. त्यामुळे दिवसा साधारण 105 किलोमीटर उंचीवर, वर-खाली जाऊ पाहणारा विद्युतप्रवाह कोंडतो आणि तो कोंडमाराच पूर्वेकडे वाहणाऱ्या प्रवाहाला जोर देतो. हा इलेक्ट्रोजेट. 1963 मध्ये भारतातून सोडलेल्या पहिल्या अग्निबाणासाठी केरळातलं थुंबा निवडलं तेही याच पट्ट्यापायी. आमचा हिशेब साधा: रात्रीच्या पातळीपासून तिरुनेलवेलीत जेवढा बदल झाला, त्यातून अलिबागच्या वेधशाळेतला बदल वजा करायचा. चुंबकीय वादळ दोन्हीकडे पोचतं, इलेक्ट्रोजेट अलिबागपर्यंत पोचत नाही. उरेल तो त्याचा. आमच्या अलिबागचा आकडा इथे रोज लागतो, याचा मला अभिमान आहे.

एरवी अकराच्या सुमारास माथा गाठणारी रेघ त्या दुपारी रात्रीच्या पातळीच्याही खाली उतरली. वरचा प्रवाह उलटा, पश्चिमेकडे वाहत होता. काउंटर इलेक्ट्रोजेट! आणि नेमकी तेव्हाच रेघेला एक चौकोनी पायरी पडली. धावत बाहेर आलो. कडुनिंबाखाली जमिनीवर शेकडो बारीक कंकणं पडली होती, आणि खोलीच्या भिंतीला टेकवलेली मोटारसायकल. ग्रहण बघायला आलेले कुणी गृहस्थ. फाटकावर तमिळमध्ये मोठ्या अक्षरांत फलक आहे, पण फलक वाचायचाच नाही ही सवय सगळीकडे सारखी. विजेच्या ट्रामपायी कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवावी लागली, ती उगाच नाही. ती सात मिनिटं मला डेटातून काढून टाकावी लागली. ऐन ग्रहणात सात मिनिटांची फट. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या एका सहकाऱ्याने अहवालावर लगेच ‘ग्रहणाचा परिणाम’ असं लिहून टाकलं. घाई केली. सावलीने आयन, म्हणजे हवेतले विद्युतभारित कण, कमी झाले तर प्रवाह दुबळा होईल; तो उलटायला विद्युतक्षेत्रच फिरावं लागतं. शिवाय चंद्राच्या ओढीने वातावरणातही भरती-ओहोटी होते, आणि हिवाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तिच्यामुळे ग्रहण नसतानाही दुपारी प्रवाह उलटतो. सूर्यग्रहण तर अमावास्येलाच होणार. मग सावलीचा वाटा किती आणि तिथीचा किती, हे सोडवायचं कसं? ग्रहण आहे पण अमावास्या नाही, असा दिवस तुलनेला आणायचा कुठून?

तेव्हापासून जानेवारीतल्या ग्रहण नसलेल्या अमावास्यांच्या रेघा काढून त्या दिवसाच्या रेघेवर ठेवून बघतो. खाली गेलेल्या बऱ्याच सापडतात. इतक्या खाली गेलेल्या फार थोड्या. आणि दर वेळी नजर त्या फटीपाशीच जाऊन अडते.