इन्व्हर्नेसची थंडी आणि आठवारी किल्ट

एडिंबरोहून इन्व्हर्नेसला जाणारी रेल्वे फोर्थच्या खाडीवरचा १८९० सालचा पोलादी पूल ओलांडते, पर्थनंतर हळूहळू डोंगरांत शिरते आणि ड्रमोक्टरच्या खिंडीत समुद्रसपाटीपासून ४५२ मीटर उंचीवर पोहोचते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या खिंडीत रुळांच्या दोन्ही बाजूंना बर्फ साचलेला होता, आणि तो पाहता पाहता माझे लक्ष सारखे वरच्या फळीवर ठेवलेल्या बॅगेकडे जात होते. बॅगेत भाड्याने घेतलेला किल्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा पोशाख, होता. ऑफिसमधल्या मित्राचे लग्न इन्व्हर्नेसला होते; नवरदेवाकडच्या पुरुषांनी किल्ट घालायचे ठरले होते आणि मीही हौसेने होकार दिला होता. तो होकार मी सप्टेंबरात दिला होता.

किल्ट निवडताना दुकानदाराने विचारले होते, "पाच वार की आठ वार?" ज्याच्या आजीने जन्मभर नऊवारी आणि आईने पाचवारी नेसली, त्याला खरे तर या प्रश्नाचे मर्म तिथल्या तिथे कळायला हवे होते. मी मात्र रंग पाहिला, भाडे पाहिले आणि कृत्रिम धाग्याचे मिश्रण असलेला पाच वारांचा हलका किल्ट घेऊन मोकळा झालो.

लग्नाच्या सकाळी हॉटेलच्या खोलीत आरशासमोर उभे राहून मी तो किल्ट जीन्स घालतो तसा कमरेच्या हाडांवर बांधला. पुढचे दोन सपाट पदर एकावर एक येतात आणि त्यांच्या कडेला एक मोठी शोभेची पिन लावायची असते. वाऱ्याने पदर उडू नयेत म्हणून मी ती पिन दोन्ही पदरांतून आरपार घातली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. मग घरी व्हिडिओ कॉल लावला. आईने कौतुक केले, पण आजीने फोन अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि विचारले, "अरे, पण कासोटा कुठाय? कासोटा नसेल तर वारा आत शिरणारच!" सगळे हसले. दुपारी अडीच वाजता नेस नदीच्या काठी फोटोसाठी उभा राहिलो, तेव्हा मला आजीचेच शब्द आठवत होते.

त्या दिवसांत तिथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे फोटोग्राफरला घाई होती आणि पाहुण्यांना हलता येत नव्हते. तापमान शून्याच्या आसपास होते. गुडघे गारठतील ही भीती घेऊन मी आलो होतो, पण गुडघ्यांना फारसे काही झाले नाही. थोडी हुळहुळ झाली आणि मग ते बधिर झाले. खरी थंडी तीन ठिकाणांहून आली. पहिली मांड्यांच्या मागून, कारण हलक्या कापडाच्या निऱ्या वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर फुगत होत्या आणि आत साठलेली ऊब दर वेळी निघून जात होती. दुसरी पावलांतून, कारण मी पातळ सुती मोजे घातले होते आणि किल्टबरोबरच्या बुटांना मधली जीभच नसते. लांब नाड्या घोट्याभोवती गुंडाळून पोटरीवर बांधायच्या असतात आणि पावलाचा वरचा भाग त्या नाड्यांच्या खाली जवळजवळ उघडाच राहतो. तिसरी थंडी आली दगडी बाकावर बसल्यावर. निऱ्या मांडीखाली न सावरता मी धपकन बसलो आणि तितक्याच वेगाने उठलो. साडी नेसलेली बाई बसण्याआधी ज्या सहजतेने मागून हात फिरवते, ती सहजता किल्ट घालणाऱ्यालाही शिकावी लागते.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मित्राच्या वडिलांनी माझी दशा ओळखली. आधी त्यांनी ती पिन काढून फक्त वरच्या पदराला लावून दिली. दोन्हींतून घातलेली पिन चालताना कापड फाडते. वाऱ्याची काळजी पिनेने नव्हे, तर कापडाच्या वजनाने आणि पुढे लोंबणाऱ्या स्पोरनने, म्हणजे कातडी बटव्याने, घ्यायची असते असे त्यांचे म्हणणे पडले. मग त्यांनी स्वतःच्या किल्टची निरी उचलून माझ्या बोटांत दिली. ते कापड वाराला सोळा औंसांचे होते, जवळजवळ ब्लँकेटसारखे, आणि त्यात आठ वार, म्हणजे सुमारे सव्वासात मीटर लोकर होती. समोर दोनच पदर. उरलेले सगळे कापड पाठीमागे निऱ्यांत दुमडून कमरेपासून नितंबांपर्यंत शिवून टाकलेले. व्हिस्कीने ऊब येते या माझ्या समजुतीलाही त्यांनी थारा दिला नाही. व्हिस्कीने कातडीकडचा रक्तप्रवाह वाढतो, म्हणून ऊब आल्यासारखे वाटते आणि शरीराची उष्णता उलट बाहेर जाते. तरीही त्यांनी मला एक पेला भरून दिलाच.

दुसऱ्या दिवशी आम्ही कलोडनच्या माळावर जाणार होतो. ते त्यांचा जुना किल्ट घेऊन सकाळीच आले. बक्कल असलेल्या कातडी पट्ट्या शेवटच्या भोकापर्यंत ओढल्यावर तो माझ्या अंगावर बसला, आणि कुठे बसला ते महत्त्वाचे: बेंबीच्या वर, फासळ्यांच्या जवळ, म्हणजे खालची कड बरोबर गुडघ्याच्या मध्यावर येईल असा. पोटाला, कमरेला आणि पाठीच्या खालच्या भागाला लोकरीचा रुंद पट्टा आवळल्यासारखे वाटले. आत मेरिनो लोकरीची अर्धी चड्डी घातली. किल्टखाली काय घालतात हा प्रश्न जगभर विनोदाने विचारला जातो, पण उणे तापमानात त्यात विनोद फारसा उरत नाही. जाड लोकरी मोजे गुडघ्याखाली चार बोटांवर दुमडले आणि दुमडलेल्या भागाखाली इलास्टिकचे पट्टे लावले. पोटरी झाकली की खाली पावलापर्यंत जाणारे रक्त गरम राहते, हे मला त्या दिवशी पावलांनीच सांगितले. नाड्यांचे बूट बाजूला ठेवून साधे चालायचे बूट घातले. शिष्टाचाराला ते धरून नव्हते, पण माळावर शिष्टाचार पाहायला कोणी नव्हते.

१६ एप्रिल १७४६ रोजी याच माळावर जॅकोबाइट सैन्याचा, म्हणजे राजगादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने लढणाऱ्यांचा, पाडाव झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना हा पोशाख घालण्यास बंदी झाली. सैन्यातल्यांना सूट होती आणि बंदी १७८२ मध्ये उठली. जुना किल्ट आजच्यासारखा शिवलेला नसे. ते एक लांबलचक लोकरी वस्त्र असे, दिवसा पट्ट्याने कमरेला आवळायचे आणि रात्री अंगाभोवती गुंडाळून माळरानात झोपायचे. म्हणजे ते वस्त्र वापरणाऱ्याचे पांघरूणही त्या कायद्याने काढून घेतले. आपल्याकडच्या धनगराच्या खांद्यावरची घोंगडी पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. लोकरीचे तंतू कुरळे असतात, त्यांत हवा अडकते. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही.

माळावर वारा आदल्या दिवसापेक्षा जास्त होता. मी त्याच्याकडे पाठ केली आणि पाठीमागच्या निऱ्या जागच्या हलल्या नाहीत. चालताना त्या मांड्यांवर मागेपुढे झुलत, थांबलो की पुन्हा मिटून बसत. तासाभराने मांड्या खरोखर गरम होत्या. गारठले होते ते कान आणि हातांची बोटे, ज्यांच्याकडे माझे लक्षच नव्हते.

किल्ट थंडीत अजिंक्य आहे असे मात्र मी म्हणणार नाही. परतीच्या वाटेवर गोठलेल्या चिखलाचे शिंतोडे कडेवर बसले, वाळण्याऐवजी कडक झाले आणि गुडघ्यामागच्या कातडीवर घासू लागले. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत हायलँडच्या सैनिकांच्या किल्टची कड चिखलाने भिजून, गोठून पायांना कापत असे, आणि निऱ्यांत उवा होत त्या वेगळ्याच. माझ्या पायांवर केवळ दोन लाल रेघा उठल्या होत्या.

संध्याकाळी मित्राच्या वडिलांनी तो किल्ट ब्रशने झाडला, निऱ्या लांबीने जुळवून त्याची घट्ट गुंडाळी केली आणि बायकोच्या जुन्या नायलॉनच्या लांब मोज्याचा कापलेला पाय तिच्यावर ओढला. म्हणजे निऱ्या मोडत नाहीत. मीही माझ्या भाड्याच्या पाचवारीची तशीच गुंडाळी करायला घेतली, पण ते कापड हातातून निसटत राहिले. दुसऱ्या दिवशी पँट घालून परतीच्या गाडीत बसलो. ड्रमोक्टरच्या खिंडीत पुन्हा बर्फ होता, आणि शर्ट व पँट यांच्यामधून माझ्या कमरेला गार लागत होते.