वेंगुर्ल्याचे खडक आणि न थांबलेले जहाज

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन मी मुंबईहून क्रूझने गोव्याला जाऊन आले. आई 81 वर्षांची आहे, तिचे माहेर वेंगुर्ल्याचे आहे आणि लग्नानंतरची कित्येक वर्षे ती माहेरी बोटीनेच जात असे. कोकणातली जुनी माणसे 'बोट' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट असते. तिकिटे काढल्याचे सांगितले तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "बोट वेंगुर्ल्याला थांबेल ना?" थांबणार नाही हे मला ठाऊक होते आणि ते तिला सांगणे मला जड गेले.

जहाज सुटण्याआधी सर्व प्रवाशांना आपापल्या ठरलेल्या जागी जमावे लागते. तिथे जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे ते दाखवतात आणि सात आखूड व एक लांब असा धोक्याचा भोंगा ऐकवतात. आमच्या आजूबाजूची बरीच मंडळी त्या वेळी फोनमध्ये गुंतली होती. आई मात्र जाकिटाचा पट्टा दोनदा बांधून आणि सोडून पाहत होती. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून 600 हून अधिक माणसे गेली, ती बातमी घराघरांत सांगितली जात असतानाच ती लहानाची मोठी झाली. समुद्राने प्रवास करायचा तर त्याचे नियम मानायचे, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

पाच वाजता जहाज सुटले आणि दिवेलागणीच्या सुमारास डाव्या हाताला खांदेरी दिसू लागली. 1679 मध्ये इंग्रजांच्या आणि सिद्दीच्या विरोधाला न जुमानता शिवाजी महाराजांनी या बेटावर बांधकाम सुरू केले. आज तिथे जो दीपस्तंभ आहे तो 1867 सालचा असून त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिलेले आहे. 2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही सागरी किल्ले त्या एका रात्रीत आमच्या डाव्या बाजूने मागे पडणार होते. खांदेरीनंतर अंधार झाला. जहाजावर त्या वेळी संगीताचा कार्यक्रम सुरू होता आणि या किनाऱ्याबद्दल ध्वनिक्षेपकावरून एक वाक्यही सांगितले गेले नाही. मला याचे मनापासून वाईट वाटले, कारण ऐकायला हजारभर माणसे समोर होती आणि सांगण्यासारखे पुष्कळ होते.

खोली स्वच्छ होती, जेवण उत्तम होते आणि शाकाहारी पदार्थांची वेगळी सोय होती, त्याबद्दल तक्रार नाही. बोट लागेल या भीतीने आईने आल्याचे तुकडे आणि आवळासुपारी बरोबर घेतली होती, पण एवढे मोठे जहाज हिवाळ्यातल्या शांत समुद्रावर जेमतेम डुलते. पुडी तशीच परत आली.

पहाटे साडेपाचला आई उठून बसली होती. शाल गुंडाळून आम्ही वरच्या डेकवर गेलो. जहाज आता किनाऱ्याच्या जवळ आले होते, पूर्वेकडे डोंगरांची काळी रेघ उमटत होती आणि तिच्या अलीकडे पाण्यात एक दिवा ठरावीक अंतराने लुकलुकत होता. उजाडू लागल्यावर त्याच्या भोवतीचे खडक दिसले. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातली ही ओसाड बेटे आहेत, त्यांच्या गुहांमध्ये पाकोळ्या घरटी करतात आणि जुन्या काळापासून खलाशी त्यांना जपून वळसा घालत आले आहेत. आईने कठडा दोन्ही हातांनी धरला आणि ती म्हणाली, "खडक दिसले, म्हंजे वेंगुर्ला इला." मग ती मला सांगत राहिली. बोट धक्क्याला लागत नसे, ती खोल पाण्यात उभी राहायची. बंदरातून पडाव यायचे आणि बायकामाणसांना, पोरांना, ट्रंकांना हातोहात उतरवून घ्यायचे. एकदा भरतीच्या लाटेने पडाव वर उचलला गेला आणि नेमक्या त्या क्षणी खलाशाने "आता!" म्हणून तिला ओढून घेतले. तो "आता!" तिने इतक्या मोठ्याने म्हणून दाखवला, की शेजारी चहा पिणारे एक गृहस्थ वळून पाहू लागले.

तासाभराने मुरगावचा पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवून नेणारा माणूस, आला. छोटी होडी चालत्या जहाजाला येऊन भिडली, वरून दोरशिडी सोडलेली होती आणि तो माणूस लाट वर येईपर्यंत थांबून, नेमक्या क्षणी शिडीला धरून चढला. आई हसली. तिला जे सांगायचे होते ते तिने मला पुन्हा डोळ्यांनी दाखवले.

मुरगावला उतरून आम्ही जहाजाकडूनच घेतलेली दिवसाची सहल केली. अशी सहल घेतली, की बसला उशीर झाला तरी जहाज तिच्यासाठी थांबते. स्वतः टॅक्सी करून गेलेल्या प्रवाशासाठी मात्र ते थांबत नाही, म्हणून आईला घेऊन मी जोखीम पत्करली नाही. बस कुठ्ठाळीवरून झुआरी नदीच्या पुलावर चढली. मंगेशाचे मूळ स्थान हे कुठ्ठाळी. पोर्तुगीज राजवटीत देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा, 1560 मध्ये, भाविकांनी लिंग तिथून हलवले आणि नदीपलीकडे प्रियोळला, आजच्या मंगेशीला, नेले. केळशीची शांतादुर्गा, जी आमची कुलदेवी आहे, तीही अशीच कवळ्याला गेली. गाइडने पुलाची लांबी सांगितली, हे सांगितले नाही. आईने पुलावरून नदीला हात जोडले आणि मी मागच्या आसनावरच्या दोन मुलींना ही हकीकत सांगितली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली.

जुन्या गोव्यात बॉम जेझूसचे चर्च पाहिले. 1605 मध्ये पूर्ण झालेली जांभ्या दगडाची ती इमारत आणि आतले सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष पाहायला निवांत वेळ मिळाला. गोव्यातली चर्चे आणि मठ 1986 पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि तिथली देखभाल, फलक, रांगेची शिस्त पाहून समाधान वाटते. मंगेशीला मात्र आमच्या वाट्याला जेमतेम 25 मिनिटे आली, कारण त्याआधी बस पाऊण तास एका काजूच्या दुकानासमोर उभी होती आणि त्या दुकानाचा उल्लेख आम्हाला दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. आई दीपमाळेपाशीच बसून राहिली. कवळे तिथून जवळ असूनही राहून गेले. वृद्ध माणसांना घेऊन जाणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की सहलीचे पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी किती मिनिटे मिळणार आणि बस दुकानांपाशी थांबणार का, हे लेखी विचारून घ्या.

ज्या काजूसाठी आमचा वेळ गेला त्या काजूच्या उत्तम जाती वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढल्या आहेत. वेंगुर्ल्यात डच वखारीची वास्तू आहे, सागरेश्वराचा किनारा आहे आणि थोड्या अंतरावर मालवणसमोर सिंधुदुर्ग आहे. मोठे जहाज लहान बंदराच्या धक्क्याला लागू शकत नाही, हे मला मान्य आहे. परंतु जगभर अशा ठिकाणी जहाजे समुद्रात नांगर टाकतात आणि छोट्या होड्यांनी प्रवासी किनाऱ्यावर नेतात. आमच्या पडावांनी वर्षानुवर्षे हेच काम केले. पावसाळा सोडला तर महिनोन्‌महिने हा समुद्र त्यासाठी अनुकूल असतो. एका फेरीत एक जरी थांबा मालवणला किंवा वेंगुर्ल्याला मिळाला, तरी होडीवाले, खानावळी आणि वाटाडे यांना काम मिळेल आणि प्रवाशांना हा किनारा अंधारात मागे टाकावा लागणार नाही.

परतीच्या वाटेवर वेंगुर्ला रात्री आठच्या सुमारास आले. आई जेवण अर्धे टाकून डेकवर आली आणि तो दिवा दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली.

फेब्रुवारीत आम्ही कोकण रेल्वेने कुडाळला उतरून वेंगुर्ल्याला जात आहोत. मामाच्या नातसुनेला तसे कळवले आहे. आईची एकच अट आहे, की आधी बंदरावर जायचे आणि मग घरी.